सात हालींचे सहा कलदार

अहिल्यानगर जिल्ह्याची, म्हणजे त्या काळच्या अहमदनगरची, पूर्वेकडील सीमा १९५० पर्यंत दोन चलनांचीही सीमा होती. नेवासे आणि शेवगाव तालुक्यांत गोदावरीच्या अलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया चालत असे, तर पलीकडे गंगापूर-पैठणला निजामाचा. जामखेड तालुक्यात तर नदीसारखी स्पष्ट खूणही नव्हती; तेथील गावे निजामी मुलखात विखुरलेली असल्यामुळे एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाताना कमरेच्या कशातील पैशाची किंमत बदलत असे. इंग्रजी रुपया यंत्रावर पाडलेला म्हणून ‘कलदार’, आणि निजामाचा चालू शिक्क्याचा म्हणून ‘हाली सिक्का’ किंवा नुसता ‘हाली’. या दोहोंचा सरकारी दर पुढे शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा स्थिरावला. हा आकडा कागदावर विचित्र दिसतो, पण त्याचा अर्थ सोपा आहे: सात हालींचे सहा कलदार.

हा दर आला कोठून, याचे उत्तर दरबाराच्या हुकमात शोधण्याआधी तराजूत शोधणे योग्य. कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने सगळ्या प्रांतांसाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि त्यातील बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. त्याआधी या भागात पुण्याकडचा अंकुशी, चांदवडच्या टाकसाळीचा चांदवडी असे अनेक रुपये हिंडत आणि प्रत्येकाचा ‘बट्टा’, म्हणजे एक नाणे देऊन दुसरे घेताना कापली जाणारी घट, निराळा असे. निजामाच्या राज्यात ही गर्दी आणखी बराच काळ टिकली. १९०३-०४ च्या सुमारास हैदराबादेत चारमिनारचे चित्र असलेला यंत्राचा रुपया पडू लागला. त्याचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि शुद्धता हजारी ८१८, म्हणजे चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. या दोन आकड्यांचा भागाकार केला तर शंभर कलदारांतील चांदी जवळजवळ ११७ हालींतील चांदीइतकी भरते. सात-सहाचा दर याच्या इतका निकट आहे, की सराफाने कसोटीवर आधीच जे ठरवले होते त्यावर सरकारने पुढे मोहोर उमटवली, असे म्हणणे फारसे धाडसाचे नाही.

मात्र चांदीच दर ठरवते, हे सूत्र १८९३ साली कोलमडले. जागतिक बाजारात चांदीचा भाव घसरत चालल्याने इंग्लंडला पौंडात पैसे पाठवताना हिंदुस्थान सरकारच्या नाकी नऊ आले होते. त्यामुळे त्या वर्षीच्या जूनमध्ये, कोणीही चांदी आणून द्यावी आणि रुपये पाडून न्यावेत ही मोकळीक सरकारने बंद केली. नाणी दुर्मीळ झाल्यावर कलदाराची किंमत त्याच्यातील धातूपेक्षा वर चढली. चांदीवरच व्यवहार करणाऱ्या चीनला सूत विकणाऱ्या मुंबईच्या गिरणीवाल्यांनी याविरुद्ध मोठी ओरड केली, आणि ती ऐकूही गेली, कारण त्यांच्याकडे सभा, निवेदने आणि वृत्तपत्रे होती. हालीची गोष्ट तशीच, पण तिची दखल कोण घेणार? कलदार धातूपासून सुटून वर गेला, आणि हालीमागे तशी भक्कम व्यवस्था तेव्हा उभी नसल्याने तिचा भाव कलदाराच्या तुलनेत उतरला व डळमळीत झाला. बीडकडच्या ज्या माणसाचे उत्पन्न हालीत आणि कर्ज कलदारात होते, त्याचे कर्ज एक पैही नवी उचल न करता वाढले. टाकसाळ पूर्णपणे राज्याच्या ताब्यात ठेवणे आणि नाणी मोजून बाहेर सोडणे, हे हैदराबादने पुढे केले तेव्हाच दर ताळ्यावर आला.

ठरलेला दर आणि हातात पडणारा दर यांतही अंतर असतेच. सात-सहाच्या हिशोबाने एका हालीचे १३ आणे ८ पै आणि वर अर्ध्या पैहून किंचित अधिक होतात. हा अपूर्णांक कोणत्याच नाण्यात देता येत नाही, तेव्हा तो सराफाच्या गल्ल्यात राहतो. ४२ कलदारांना बैल विकणाऱ्याला ४९ हाली बरोबर मिळतील, पण मीठ-मिरचीच्या बाजारहाटाला एक-दोन रुपये मोडणाऱ्याला प्रत्येक खेपेस थोडे सोडावे लागेल. त्यात हंगामाची भर पडते: पलीकडचा माल अलीकडे विकला जातो तेव्हा कलदार पलीकडे वाहतात आणि हालीला जोर येतो, आणि दुष्काळात पलीकडच्यांना धान्य बाहेरून आणावे लागते तेव्हा नेमका कलदारच महाग होतो. गरज सर्वांत मोठी तेव्हा दर सर्वांत वाईट, हा या व्यवस्थेचा सर्वांत निष्ठुर भाग होय, आणि त्याला कोणा सावकाराचा दुष्टपणा लागत नाही.

१९१८ साली, महायुद्धाने चांदी दुर्मीळ केली असताना, हैदराबादने कागदी चलनाचा कायदा करून स्वतःच्या नोटा काढल्या. हे चलन पुढे उस्मानिया सिक्का म्हणून ओळखले गेले. आता सात-सहाच्या मागे चांदीपेक्षा सरकारचा शब्द आणि राखीव निधी उभा होता. शब्दाचे राजकारण होऊ शकते, हे भारताशी झालेल्या २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतर लगेच दिसले: हैदराबाद सरकारने वटहुकमाने भारतीय चलन संस्थानात कायदेशीर देण्या-घेण्यातून बाद ठरवले आणि मौल्यवान धातू बाहेर नेण्यावर बंधने घातली. दिल्लीने ते कराराचे उल्लंघन मानले. सीमेवरच्या बाजारपेठांना मात्र ही बातमी प्रथम राजकारण म्हणून नव्हे, तर घेणाऱ्याने परत केलेल्या नोटेच्या रूपाने कळली असणार.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारताने हैदराबादवर केलेल्या पोलिस कारवाईनंतरही हाली लगेच मिटली नाही. १९५० पासून भारतीय रुपया तेथे रीतसर चालू झाला, आणि १९५० च्या दशकात दोन्ही चलने काही काळ शेजारी नांदून उस्मानिया सिक्का टप्प्याटप्प्याने मागे घेण्यात आला. बदलाचा दर तोच ठेवला गेला: सात उस्मानियांना सहा भारतीय रुपये. चांदीवरून निघालेले हे प्रमाण चांदीचे नाणे व्यवहारातून गेल्यावर आणि ते ठरवणारे दरबार संपल्यावरही जुन्या देण्या-घेण्याच्या हिशोबांत चालत राहिले.