आटोपशीर संगणक-मेज
लहान सदनिकेत संगणकासाठी मेज घेताना दृष्टी प्रथम रंगरूपाकडे जाते. वस्तुतः आधी मोजावी ती त्याची खोली, कारण पडदा डोळ्यांपासून हातभर दूर राहून मनगटांनाही आधार मिळावा, एवढे साधायचे तर सुमारे 60 सेंटिमीटर खोली आवश्यकच ठरते. लांबी मात्र 90 सेंटिमीटरही पुरते.

मेजातच चार्जिंगची तजवीज असेल, तर तपास अधिक बारकाईने करावा. साध्या यूएसबी पोर्टमधून मिळणारे 10-12 वॉट मोबाइलला चालतात, परंतु लॅपटॉपला बहुधा 45 ते 65 वॉट लागतात, आणि तेवढी शक्ती देणारे टाइप-सी पोर्ट आहे की नाही, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. आपल्याकडील वीजदाब 230 व्होल्ट. 6 अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा त्यामुळे 1380 वॉट होते, आणि 1500 वॉटची चहाची किटली तेथे लावणे म्हणजे तारा तापवून आगीला निमंत्रण देणे होय. लाकडाच्या बंदिस्त कप्प्यात उष्णता साचते, म्हणून अडॅप्टरभोवती हवा खेळेल अशी जाळी किंवा फट पाहूनच सौदा करावा.

सॉकेटवर आयएसआय चिन्ह असावे, आणि भिंतीतील जोडणीला अर्थिंग नसेल, तर ती वायरमनकडून करून घेतल्यावाचून असे मेज कृपया जोडू नका.