करवती काठ आणि चिन्नोरचा घमघमाट



भंडाऱ्याची ओळख पितळनगरी. पण आज ऑनलाइन बाजारात पितळेचा तांब्या शोधला, तर आधी मुरादाबादचा माल समोर येतो. नुसता ‘तांब्या’ विकायला निघालेल्याला त्या गर्दीत कोण विचारणार?

साडीचेही तसेच. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावच्या किंवा मोहाडीच्या विणकराने ‘सिल्क साडी’ अशी पाटी लावली, की त्याची गाठ थेट सुरतेच्या यंत्रमागाशी पडते आणि भावात तो पहिल्याच दिवशी हरतो. ‘करवती काठाची कोसा साडी’ शोधणारी बाई मात्र वेगळी. स्वस्त साडी तिला कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. तिला हवी असते खात्री. त्या खात्रीचा पुरावा मागावरच आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याच्या कोशांचे रेशीम म्हणजे कोसा. अंगाला एक आणि दोन काठांना दोन, असे तीन धोटे फिरवून काठ अंगात गुंतवला जातो. म्हणून काठाचा रंग अंगात उतरत नाही आणि सांध्यावर करवतीचे दाते उमटतात. हे तीन धोटे चालताना दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कोणत्याही सजवलेल्या मॉडेलपेक्षा जास्त साड्या विकेल. सोबत साडीच्या उलट्या बाजूचा फोटो हवाच. जाणकार गिऱ्हाईक आधी तीच पाहते.

अमेरिकेतील क्रिस अँडरसन यांनी २००४ साली ‘लाँग टेल’ हा विचार मांडला: इंटरनेटच्या दुकानाला फळीची मर्यादा नसते, त्यामुळे थोड्यांनाच हव्या असलेल्या वस्तूही तिथे खपतात. विचार खरा, पण अर्धाच. वस्तू फळीवर असणे वेगळे आणि सापडणे वेगळे. शिवाय मोठ्या संकेतस्थळांना हवा असतो तयार साठा, आणि हातमाग तर सावकाश चालणार. तेव्हा आधी मागणी, मग विणकाम हेच बरे. लग्नाची तारीख महिनोन्‌महिने आधी ठरवणाऱ्या घरांना थांबायला हरकत नसते.

तांदळाचे गणित उलटे. साडी हलकी आणि महाग, तांदूळ जड आणि त्या मानाने स्वस्त. पाच किलोची पिशवी दूर धाडायची तर कुरिअरच नफा खाते. म्हणून चिन्नोर या आपल्या सुवासिक तांदळाचे गिऱ्हाईक आधी नागपूर-पुण्यात शोधावे, विशेषतः पोटासाठी तिकडे गेलेल्या भंडारेकरांत. भात शिजतानाचा तो घमघमाट त्यांना समजावून सांगावा लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून वस्तूंच्या छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय, नावनोंदणी क्रमांकावर, राज्यातल्या राज्यात ई-कॉमर्स संकेतस्थळांवरून माल विकता येतो. त्या दृष्टीनेही महाराष्ट्रापासून सुरुवात सोयीची.

नुसते ‘चिन्नोर’ लिहून मात्र भागणार नाही. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, भंडाऱ्याच्या चिन्नोरला २०२३ मध्ये. पिशवीवर गाव हवे, कापणीचा महिना हवा, तांदूळ नवा की जुना हेही हवे. नव्या तांदळाला जुन्याइतके पाणी घातले की भाताचा गोळा होतो आणि गिऱ्हाईक दोष विकणाऱ्यालाच देते. इतकी साधी सूचना छापायला आपले लोक का कचरतात, कळत नाही.

आणि मानांकन जिल्ह्याला मिळाले म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याला ते वापरायचा हक्क आपोआप मिळाला, असेही नाही. त्यासाठी ज्याला-त्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवावे लागते. २०२० मध्ये या अर्जाचे शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणले गेले. करवती साडीलाही मानांकन आहे, तेव्हा विणकरांनाही हेच लागू. आजच्या दुपारच्या सत्रात भाषणे थोडी आवरती घ्यावीत आणि सभागृहाच्या मागे दोन टेबले मांडून हे अर्ज भरून घ्यावेत, अशी अध्यक्ष म्हणून माझी संयोजकांना विनंती आहे.