माउस : दोष आणि निदान



महाराष्ट्रात 'पाटण' हे नाव उच्चारले की सातारा जिल्ह्यातील तालुका डोळ्यांसमोर येतो. मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यातही त्याच नावाची एक तहसील आहे. मात्र तिच्या अखेरीस 'ण' नसून 'न' आहे. 'पाटण' आणि 'पाटन' यांतील भेद एका अक्षराचा असला, तरी जमिनीच्या कागदपत्रांत तो शेकडो मैलांचा ठरू शकतो. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर हे दोन्ही प्रदेश एकाच प्रांतात होते, आणि हिंदी व मराठी या दोन्ही भाषा तेथील कारभारात वावरत होत्या. त्यामुळे एका कुटुंबाची शेती पाटनला आणि वाटेकरी नागपूरला, अशी स्थिती तिकडे नवलाची नाही. प्रस्तुत विवेचनाचा आरंभ अशाच एका कल्पित, परंतु सर्वथा संभवनीय, प्रसंगापासून करणे सोयीचे होईल.

समजा, पाटनच्या तहसील कचेरीसमोर अर्ज टंकून देणाऱ्या एका लेखनिकाचे दुकान आहे. एक वृद्ध शेतकरी समोर बाकावर बसला आहे. वडिलार्जित जमिनीच्या नामांतरणासाठी नागपूरच्या वाटेकऱ्यांचे मराठी संमतिपत्र हवे आहे. त्यांनी पाठविलेल्या मसुद्यात मराठी सवयीने 'पाटण' असे पडले आहे. लेखनिकाला केवळ ते एक अक्षर बदलावयाचे आहे. तो माउस हलवून त्या शब्दाशेजारी कळ दाबतो. तोच वरपासून तेथपर्यंतचा सगळा मजकूर रंगतो. तो दुसरीकडे कळ दाबतो, तर रंग तेथवर पसरतो. माउस बिघडला असे समजून तो शेजाऱ्याकडून दुसरा माउस आणतो. त्यानेही तेच घडते. अखेरीस वैतागून तो 'ण' पुसण्यासाठी बॅकस्पेस दाबतो आणि संपूर्ण परिच्छेद दिसेनासा होतो. बाहेर कचेरीची वेळ संपत आलेली असते.

या प्रसंगी दोष कोणाचा? माउसचा, संगणकाचा, वर्ड प्रोसेसरचा, की लेखनिकाचा? बहुधा लेखनिक तो स्वतःच्या माथी घेतो. "हे यंत्र आपल्याच्याने होणे नाही," असे म्हणून अनेक कुशल टंकलेखक संगणकापासून दूर राहिले. वस्तुतः माउसच्या बहुतेक तक्रारींना निश्चित कारण असते, आणि ते क्रमाने शोधता येते. तो क्रम समजावून देणे, हा या भाषणाचा उद्देश आहे.

प्रथम एक मूलभूत भेद स्पष्ट केला पाहिजे. लेखनाच्या पडद्यावर दोन खुणा असतात. एक माउसबरोबर हिंडणारी. ती मजकुरावर आली की रोमन 'आय' अक्षराचा आकार घेते. दुसरी मजकुरात एके ठिकाणी लुकलुकत राहणारी उभी रेघ. अक्षरे उमटतात ती या रेघेपाशी, हिंडणाऱ्या खुणेपाशी नव्हे. माउसची कळ दाबली की रेघ खुणेच्या जागी येते. नुसता माउस नेऊन टंकू लागणारा नवशिका "अक्षरे भलतीकडे उमटतात" अशी तक्रार करतो, तेव्हा यंत्र निर्दोष असते. त्याला या दोन खुणांतील भेद कोणी सांगितलेला नसतो, इतकेच.

लेखनाच्या कामात हे साधन आले कोठून, याचाही थोडा विचार करू. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेनुसार बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माउस तयार केला. ती एक लाकडी डबी होती आणि तिच्या तळाशी परस्परांशी काटकोनात बसविलेली दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी 'जिप्सी' ही लेखनाची आज्ञावली रचली. तिचा काळ १९७५ च्या सुमाराचा. ती एका पाठ्यपुस्तक-प्रकाशन संस्थेतील संपादकांसाठी होती. कळफलकाची एकच कळ निरनिराळ्या अवस्थांत निरनिराळे काम करू लागली की माणूस गोंधळतो, हे टेस्लर यांनी ओळखले होते. अशा गुप्त अवस्था शक्य तितक्या टाळाव्यात, हा त्यांचा आग्रह होता. तथापि अशा काही अवस्था आजच्या आज्ञावल्यांतही शिल्लक आहेत. पाटनच्या लेखनिकाचा अनुभव हा त्यांपैकीच एक होय.

आता निदानाकडे वळू. दोषाची स्थाने तीन : हातातील साधन, संगणकाची मूळ कार्यप्रणाली, आणि वर्ड प्रोसेसर ही आज्ञावली. वैद्य ज्याप्रमाणे लक्षण पाहून लगेच औषध देत नाही, तर ते लक्षण आणखी कोठे व केव्हा दिसते हे विचारतो, त्याचप्रमाणे येथेही दोन प्रश्न विचारावयाचे असतात. पहिला : हाच प्रकार दुसऱ्या आज्ञावलीत, उदाहरणार्थ साध्या नोटपॅडमध्ये, घडतो काय? दुसरा : माउस बदलला तरी घडतो काय?

मजकूर आपोआप रंगणे, हे लक्षण घेऊन पाहू. ते तिन्ही स्थानांतून उद्भवू शकते. माउसची डावी कळ झिजून आतल्या आत दबलेली राहत असेल, तर खूण जाईल तेथवर मजकूर रंगतो. विंडोज कार्यप्रणालीत 'क्लिकलॉक' नावाची सोय आहे. ती चालू असता कळ क्षणभर दाबून धरली की ती दाबलेलीच आहे असे संगणक मानतो. आणि मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये एफ ८ ही कळ दाबली की 'निवड वाढविण्याची' अवस्था सुरू होते. मग माउसने जेथे कळ दाबावी तेथपर्यंतचा मजकूर निवडला जातो.

लक्षण एक, कारणे तीन. परंतु दोन प्रश्नांनी ती वेगळी होतात. प्रकार नोटपॅडमध्ये घडत नसेल, तर संशय वर्डवर येतो. नोटपॅडमध्येही घडत असेल, तर माउस बदलावा. नव्या माउसने तो थांबला तर दोष जुन्या साधनात. नव्यानेही चालू राहिला तर तो कार्यप्रणालीच्या मांडणीत आहे, असे समजावे. लेखनिकाने माउस बदलला, म्हणजे दुसरा प्रश्न विचारला. पण पहिला विचारला नाही. तो विचारला असता, तर शेजारची कळ दाबताना बोट एफ ८ वर पडले असावे, हे ध्यानात आले असते. त्यावरील उपाय एका कळीचा आहे : एस्केप दाबावी, की ती अवस्था संपते.

साधनातील दोष बहुधा भौतिक असतात. जुन्या माउसच्या पोटात रबरी गोळी असे आणि ती दोन लहान रुळांना फिरवी. त्या रुळांवर धूळ व तंतू यांचे कडे जमले की खूण अडखळे. गोळी काढून रूळ पुसले की ती पूर्ववत चाले. सध्याचा प्रकाशीय माउस निराळ्या तत्त्वावर चालतो. तळाशी असलेला दिवा पृष्ठभाग उजळतो, एक सूक्ष्म संवेदक सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेतो, आणि लागोपाठच्या चित्रांची तुलना करून हालचाल ओळखली जाते. पृष्ठभागावर बारीक खडबडीतपणा असेल तरच ही तुलना शक्य होते. म्हणून काच किंवा अतिचकचकीत सनमायका यांवर असा माउस भरकटतो. त्याखाली साधा कागद घातला तरी पुष्कळदा काम भागते. संवेदकाच्या भोकात अडकलेला एखादा केसही खूण थरथरविण्यास पुरेसा होतो. बिनतारी माउस मंदावला तर आधी त्याची बॅटरी पाहावी. एकदा दाबले असता दोनदा दाबल्याचा परिणाम होऊ लागला, तर आतील कळ झिजली असे बहुधा समजावे. ती साफ करून फारसा उपयोग होत नाही.

कार्यप्रणालीच्या मांडणीत खुणेचा वेग, दोनदा दाबण्याचा वेग आणि डाव्या-उजव्या कळीची अदलाबदल या गोष्टी येतात. टंकताना खूण दिसेनाशी होत असेल, तर 'टंकताना खूण लपवा' ही सोय चालू असल्याचा संभव आहे. माउस हलविताच ती परत दिसते. लॅपटॉप वापरणाऱ्यांनी आणखी एक कारण ध्यानी ठेवावे. टंकताना तळहाताचा स्पर्श खालील स्पर्शपट्टीला झाला की लुकलुकणारी रेघ उडी मारते आणि पुढील शब्द मागील ओळीत घुसतात. दोष माउसचा वाटतो, पण माउसला हातही लागलेला नसतो.

उरला वर्ड प्रोसेसर. निवडलेला मजकूर माउसने ओढून दुसरीकडे नेण्याची सोय त्यात असते. हात किंचित सरकला की एखादे वाक्य भलत्या परिच्छेदात जाऊन बसते. ज्याला हे वारंवार सतावते, त्याने ती सोय प्रगत पर्यायांत जाऊन बंद करावी. अर्धा शब्द निवडू गेल्यास पूर्ण शब्द निवडला जाण्याची सोयही तेथेच बंद करता येते. इतके करूनही दोष राहिल्यास कंट्रोल कळ दाबून धरून वर्ड उघडावे. म्हणजे ते 'सुरक्षित अवस्थेत', बाहेरून जोडलेल्या पुरवण्यांवाचून, सुरू होते. तेथे दोष नाहीसा झाला, तर तो एखाद्या पुरवणीचा किंवा बदललेल्या मांडणीचा असण्याचा संभव मोठा.

येथवरचे विवेचन कोणत्याही भाषेला लागू आहे. देवनागरीत मात्र एक निराळीच अडचण येते. युनिकोड पद्धतीत 'पा' म्हणजे 'प' आणि काना अशी दोन चिन्हे साठविली जातात; 'क्षि' या अक्षरात चार असतात. माउसने कितीही नेमके दाबले तरी प आणि काना यांच्यामध्ये रेघ सहसा ठेवता येत नाही. हा माउसचा दोष नव्हे. अक्षर अखंड ठेवण्याचा तो नियम आहे.

जुन्या फाँटांची गोष्ट याहून वेगळी. मध्य प्रदेशात अतिशय रूढ असलेल्या 'कृतिदेव'मध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या व विरामचिन्हांच्या जागी बसविलेले आहेत. डोळ्यांना जे 'न' दिसते, ते संगणकाच्या लेखी रोमन 'यू' असते. 'ण' तर दोन चिन्हांचा बनतो : अर्ध्या 'ण्'साठी पूर्णविराम आणि दंडासाठी 'के'. म्हणून तेथे 'पाटण' या शब्दावर दोनदा दाबले, तर पूर्णविरामापाशी शब्द संपला असे मानून आज्ञावली त्याचा तुकडाच निवडू शकते. बॅकस्पेस एकदा दाबल्यास केवळ दंड जातो आणि 'पाटण्' असा अर्धवट शब्द उरतो. टंकणाऱ्याला वाटते माउस चुकला, हात चुकला. प्रत्यक्षात चुकत असतो तो अक्षर आणि त्याचा संकेत यांचा मेळ. यावर माउस बदलणे हा उपाय नाही. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे, हा आहे.

अखेरीस काही नियम सांगणे इष्ट ठरेल. अनपेक्षित काही घडताच हात थांबवावा. कंट्रोल व झेड या कळा दाबून शेवटची कृती मागे घ्यावी; मजकूर जागेवर आला याची खात्री झाल्यावरच कंट्रोल व एस दाबून तो जतन करावा. हा क्रम उलटा करू नये. माउस पूर्णपणे बंद पडला तरी काम अडत नाही : बाणांच्या कळांनी रेघ हलविता येते आणि शिफ्टसह त्याच कळांनी मजकूर निवडता येतो. आणि दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. माउस, मांडणी आणि आज्ञावली एकदम बदलली, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

पाटनच्या दुकानात त्या परिच्छेदाचे काय झाले असते? लेखनिकाने संगणक बंद केला नसता, घाईने जतनही केले नसते आणि केवळ कंट्रोल व झेड दाबले असते, तर सारा मजकूर क्षणात परत आला असता. मग एस्केप दाबून, 'ण'च्या पुढे रेघ ठेवून, एकदा बॅकस्पेस आणि एकदा 'न' : काम एवढेच होते. बाकावरील शेतकऱ्याला यातील काहीही ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने महत्त्व आहे ते कागदावर त्याच्याच गावाचे नाव असण्याला. ते एक अक्षर योग्य जागी पडावे, यासाठीच ही सारी यंत्रे आहेत. आणि ते पडत नसेल, तर का पडत नाही हे न घाबरता विचारण्याचा अधिकार यंत्रापुढे बसलेल्या प्रत्येकाला आहे.