लोणी, खरारा आणि अंजीर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि 'शाळेच्या आठवणी सांग, लांबण लावू नकोस' असं बजावलं आहे. आठवणी सकाळपासून भरपूर झाल्या. त्याहून जास्त झाली ती एकमेकांची तारीफ. ज्याला आपण 'ढ' म्हणायचो त्याची आज 'पहिल्यापासूनच हुशार' म्हणून ओळख करून दिली गेली आणि त्यानेही ती मान खाली घालून स्वीकारली. तेव्हाच ठरवलं की लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवायचं. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. म्हणून खुशामतीसाठी इंग्रजीत जे शब्द आहेत, त्यांच्याविषयी बोलतो. आठवण एकच सांगेन, तीही शेवटी, आणि ती माझ्या फारशी फायद्याची नाही.

सुरुवात आपल्याच 'खुशामत'पासून करू. हा शब्द फारसीतून आला. 'खुश आमद' म्हणजे 'आलात, बरं झालं'. दारात मोठ्या अक्षरांत 'सुस्वागतम्' लिहिलंय ना, तेच फारसीत म्हणायचं तर मूळ शब्द हाच. म्हणजे आपल्याकडे स्वागताचीच पुढे खुशामत झाली. (हे संयोजकांना उद्देशून नाही.)

आता इंग्रजी. सगळ्यांना माहीत असलेला शब्द 'फ्लॅटर'. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ होता हाताने गोंजारणं. तळहात सपाट ठेवून पाठीवरून फिरवायचा, तसं. पुष्कळ कोशकार त्याचं नातं 'सपाट' या अर्थाच्या 'फ्लॅट'शीच जोडतात. आपणही अहंकार गोंजारला असं म्हणतोच. बैल बुजला की गडी मानेवरून हात फिरवतो, बैल शांत होतो आणि मग त्याला जू लावतात. एवढं चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की या शब्दाचा कोश उघडायला नको.

दुसरा शब्द 'फॉन'. हरणाच्या पाडसालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, पण दोघांचं नातं नाही. खुशामतवाला 'फॉन' जुन्या इंग्रजीतल्या 'आनंद होणं' या अर्थाच्या शब्दातून आला. मालक घरी आला की कुत्रा शेपूट हलवतो, अंगावर उड्या मारतो, ते 'फॉन'. मग माणसाने साहेबासमोर तसंच केलं की तेही 'फॉन'. लॅटिनमध्येही हीच गंमत. 'अ‍ॅड्युलेशन' ज्या क्रियापदापासून आलं, ते कुत्र्याच्या लाडीगोडीसाठी वापरत. आणि आपल्याकडे? गोंडा घोळणं! गोंडा म्हणजे शेपटाचा झुबका. हजारो मैलांवरच्या लोकांना तोच प्राणी आणि त्याचं तेच शेपूट दिसलं. मला मात्र यात कुत्र्यावर अन्याय झाल्यासारखा वाटतो. त्याला खरोखरच आनंद झालेला असतो.

आता माझा सगळ्यात लाडका वाक्प्रचार, 'करी फेवर'. आठवतंय? नववीत सरांनी हा वाक्यात उपयोग करायला दिला होता आणि आपल्यातल्या एकाने लिहिलं होतं, 'माय मदर करीड फेवर फॉर डिनर'. सरांनी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं होतं. तो कोण ते मी सांगणार नाही, तो आता हॉटेलमालक आहे.

त्या 'करी'चा आपल्या रश्श्याशी काही संबंध नाही. तिचा अर्थ घोड्याला खरारा करणं. आणि 'फेवर' म्हणजे मुळात मेहेरबानी नव्हे, तर एका घोड्याचं नाव! चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये एक उपहासाचं दीर्घकाव्य लिहिलं गेलं, 'रोमां द फोव्हेल'. त्यातला फोव्हेल हा पिवळट तांबूस रंगाचा घोडा. नशिबाने तो तबेल्यातून थेट राजवाड्यात जाऊन बसतो. मग राजे, सरदार, धर्मगुरू, लहानमोठे सगळे त्याला खरारा करायला रांगा लावतात. फोव्हेलच्या नावातलं एकेक अक्षर एकेका दुर्गुणाचं आद्याक्षर आहे आणि त्यातलं पहिलं अक्षर खुशामतीचं. इंग्लंडात 'फोव्हेलला खरारा करणं' हा वाक्प्रचार रुजला. पुढे फोव्हेल कोण ते लोक विसरले. ऐकायला जवळचा शब्द 'फेवर' होता, सोळाव्या शतकात तो तिथे येऊन बसला. घोडा गेला, खरारा राहिला. ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. खुर्चीत कोण आहे ते कधी बघितलं जात नाही, खरारा चालू असतो.

'टोडी' या शब्दाची गोष्ट थोडी किळसवाणी आहे, जेवणानंतर सांगतोय त्याबद्दल माफी असावी. 'टोड' म्हणजे भेक, मोठा बेडूक. तो विषारी असतो असा तेव्हाच्या युरोपात समज होता. जत्रेत औषधं विकणारे वैदू बरोबर एक पोऱ्या ठेवत. पोऱ्याने सगळ्यांसमोर बेडूक खायचा किंवा खाल्ल्यासारखं करायचं, तडफडून पडायचं आणि मालकाने औषध पाजून त्याला उठवायचं. मग बाटल्या हातोहात खपत. हा पोऱ्या म्हणजे 'टोड-ईटर', सतराव्या शतकातला शब्द. मालकासाठी वाटेल ते गिळणारा माणूस असा त्याचा अर्थ झाला आणि एकोणिसाव्या शतकात त्याचं सुटसुटीत 'टोडी' झालं. मला या शब्दात तिरस्काराइतकीच करुणा दिसते. बेडूक खाणाऱ्याला पोट होतं. त्याला दुसरं काही मिळालं असतं तर त्याने बेडूक कशाला खाल्ला असता?

पोटावरून आठवलं, 'पॅरासाइट'. जीवशास्त्रात आपण बांडगूळ आणि जंत शिकलो, पण तो अर्थ बराच नंतरचा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'दुसऱ्याच्या पानाशेजारी बसून जेवणारा'. ग्रीक नाटकांत हे एक ठरलेलं पात्र असे. श्रीमंताच्या पंक्तीला बसायचं, त्याच्या विनोदाला पहिलं हसायचं आणि पोटभर जेवून जायचं. मराठीत याला इतका नेमका शब्द आहे की तो इंग्रजांना द्यावा. भोजनभाऊ!

अशा जोड्या जुळवायला लागलं की वेळ पुरत नाही. 'लिकस्पिटल' म्हणजे थुंकी चाटणारा, आपल्याकडे थुंकी झेलतात. इंग्रज 'बटर' लावतात, आपण लोणी लावतो, आणि लोण्याने भागलं नाही तर मस्का. मस्का हेही फारसी लोणीच, इराण्याच्या हॉटेलात बनला लावतात ते. इंग्रजीतला हा 'बटर' भारतातल्या देवळांत मूर्तीवर लोण्याचे गोळे फेकण्याच्या प्रथेवरून आला, अशी एक गोष्ट मोबाइलवर फिरत असते. पुढे पाठवू नका. लोणी लावलं की भाकरी घशाखाली उतरते, हे कळायला कुणाला भारतात यावं लागत नाही. मात्र आपल्या 'हरभऱ्याच्या झाडावर चढवणं' याला तोड मला इंग्रजीत सापडली नाही. वीतभर रोप, त्यावर माणूस चढतो आणि आपण उंच गेलो असं त्याला वाटतं!

अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी 1920 च्या दशकात एक शब्द रूढ केला, 'अ‍ॅपल पॉलिशर'. बाईंच्या टेबलावर ठेवायचं सफरचंद सदऱ्याला घासून चकचकीत करणारा मुलगा. आपल्या शाळेत सफरचंद फक्त 'ए फॉर'पुरतं होतं. आपण चिंचा, बोरं, फार तर ओल्या शेंगा नेत होतो. मी मात्र बाईंना निबंध नेऊन दिला. आठवीच्या सहामाहीत 'माझे आवडते शिक्षक' हा विषय होता आणि पेपर तपासणार होत्या मराठीच्या बाई. मी अर्थातच बाईंवर लिहिलं. त्यात त्यांना सरस्वती केलं, माउली केलं, समईची वातही केलं. दहापैकी चार गुण मिळाले. खाली लाल शाईत एक ओळ होती : 'भाषा चांगली आहे. पण मी अशी नाही.' बाई, तुम्ही आज समोर बसला आहात म्हणून सांगतो, तो पेपर मी अजून जपून ठेवलाय. मित्र आणि खुशामतखोर यांतला फरक कसा ओळखावा यावर प्लूटार्क नावाच्या ग्रीक लेखकाने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी एक अख्खा निबंध लिहिला. तो मी पुढे एम.ए.ला वाचला. तुमची ओळ आधी वाचलेली असल्यामुळे तो मला सोपा गेला.

आता अंजीर. भाषणातला अवघड भाग इथे आहे.

'सिकोफंट' हा इंग्रजीतला सगळ्यात भारदस्त शब्द. ग्रीकमध्ये 'सिकॉन' म्हणजे अंजीर, आपल्या शाळेमागच्या उंबराचाच भाऊबंद. सिकोफंट म्हणजे 'अंजीर दाखवणारा'. असं का? अथेन्समधून अंजीर बाहेर नेऊन विकायला बंदी होती आणि ते चोरून नेणाऱ्यांची नावं जे सांगत त्यांना हे नाव पडलं, अशी एक जुनी गोष्ट आहे. ती प्लूटार्कच सांगतो. आजच्या अभ्यासकांचा तिच्यावर फारसा विश्वास नाही. पण अथेन्समध्ये सिकोफंट म्हणजे कोण, याविषयी शंका नाही. तो खुशामत करणारा नव्हता. तो चुगलखोर होता, लोकांवर खोटेनाटे आळ घेणारा. तिथे सरकारी वकील नसत, कोणीही नागरिक कोणावरही फिर्याद लावू शकत असे आणि काही खटल्यांत दंडातला वाटा फिर्याद करणाऱ्याला मिळे. मग काहींनी त्याचाच धंदा केला. त्यांचा एवढा उपद्रव झाला की ज्याच्या बाजूने पंचांची एक पंचमांशही मतं पडत नसत, त्या फिर्याद्यालाच हजार द्राख्मा दंड ठेवावा लागला. आधुनिक ग्रीकमध्ये आजही या शब्दाचा अर्थ बदनामी करणारा असाच आहे. फक्त इंग्रजीत, सोळाव्या शतकात आल्यावर, तो चुगलखोरावरून खुशामतखोरावर सरकला.

मी हा शब्द वर्गात तीस वर्षं शिकवला. 'अर्थ कसा काय बदलला?' असं मुलं विचारायची. मी म्हणायचो, भाषेत असं होतं. ते काही खरं उत्तर नव्हतं. खरं उत्तर मला नववीपासून माहीत होतं. मोठ्या माणसाच्या जवळ जायचं तर त्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि ज्याच्याकडे द्यायला सफरचंदसुद्धा नसतं तो दुसऱ्याचं नाव देतो.

नववीत मी मॉनिटर होतो. एका सकाळी फळ्यावर एका शिक्षकांचं व्यंगचित्र निघालं, मोठं नाक आणि हातात छडी. तुम्हांला आठवत असेल. ते कोणी काढलं हे मी पाहिलं नव्हतं. मधल्या सुट्टीत मला एकट्याला बोलावून विचारलं गेलं, 'तू सगळ्यांत विश्वासू, तूच सांग.' ते शब्द मला आजही पाठ आहेत. मी आपल्या वर्गात ज्याचा हात चित्रकलेत सगळ्यांत चांगला होता त्याचं नाव सांगितलं. मला ते तर्काला धरून वाटलं. खरं म्हणजे 'माहीत नाही' म्हणालो असतो तर विश्वासू राहिलो नसतो. त्याला आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं आणि एलिमेंटरीच्या परीक्षेच्या यादीतून त्याचं नाव काढलं. पुढच्या वर्षी त्याने फॉर्मच भरला नाही. माझं मॉनिटरपद दहावीपर्यंत टिकलं.

तो समोर तिसऱ्या रांगेत बसलाय. मागे पडद्यावर शाळेची जुनी इमारत आणि उंबराचं झाड काढलंय ना, ते त्याचंच काम. तालुक्याच्या गावी त्याचं दुकान आहे. आधी तो ब्रशने पाट्या रंगवायचा, आता फ्लेक्स छापतो. काल रात्री जेवणं झाल्यावर मी त्याला उंबराखाली नेलं आणि हे सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांत सांगायचं धाडस झालं नव्हतं. 'आज इथे सगळ्यांसमोर बोललो तर चालेल का' असंही विचारलं. 'बोल की' म्हणाला.

मग बराच वेळ तो गप्प होता. मला वाटलं, आता काहीतरी कडू ऐकावं लागणार. त्याने सुपारी कातरली, अर्धी मला दिली आणि म्हणाला, "चित्र माझं नव्हतं रे. माझं असतं तर नाक बरोबर आलं असतं."