गाडी बाहेर सोडणारा माणूस



वाहनदुरुस्तीत आयुष्य घालवणाऱ्या मराठी माणसांचं हे संमेलन लखनौत भरतं आहे आणि त्याचं अध्यक्षपद तुम्ही माझ्याकडे सोपवलंत, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. भाषणाचा विषय मी एकच ठेवला आहे. गर्दीच्या गॅरेजात एक हुशार मेकॅनिक असतो. एक दिवस मालक त्याला सांगतो, 'आजपासून सगळं काम तू बघ.' त्या दिवसापासून त्या माणसाचं काय बदलतं आणि काय बदलायला हवं? आपल्या धंद्याची अब्रू या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, असं मी मानतो.

हा प्रश्न मांडायला लखनौ ही योग्य जागा आहे. इमामवाडे, चिकनकाम आणि कबाब यांसाठी हे शहर साऱ्या देशाला ठाऊक आहे. पण हे यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांचंही शहर आहे. 1867 मध्ये लखनौ-कानपूर रेल्वे सुरू झाली, आणि त्या काळापासून चारबागेत इंजिनांचा आणि आलमबागेत डब्यांचा कारखाना अशी इथली ओळख बनत गेली. 1957 मध्ये रेल्वेची आरडीएसओ ही संशोधन आणि मानकं ठरवणारी संस्था स्थापन झाली, तिचं ठाणं इथेच मानकनगरात आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचे सुटे भाग बनवणारा विभाग इथे आहे, टाटा मोटर्सचा कारखाना आहे. आणि सरोजिनीनगरात 1972 मध्ये स्थापन झालेली स्कूटर्स इंडिया होती, जिने इटलीच्या इनोचेंती कंपनीकडून लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री आणली, विजय सुपर बनवली आणि विक्रम टेम्पो रस्त्यावर आणला. तिथल्या स्कूटरचं उत्पादन 1997 मध्ये थांबलं आणि 2021 मध्ये कंपनीच बंद करण्याचा निर्णय झाला. कारखाना बंद झाला तरी त्याने विकलेल्या गाड्या रस्त्यावर धावतच असतात. त्यांची जबाबदारी मग मिस्त्रीवर येऊन पडते. लाटूश रोडच्या सुट्या भागांच्या दुकानांत, लालबागेच्या गॅरेजांत, ट्रान्सपोर्टनगरच्या धुळीत ही जबाबदारी माणसं वर्षानुवर्षं निभावत आली आहेत.

आता बढतीकडे येतो. रेल्वेच्या कारखान्यात कामगाराला पुढची पायरी दिसते: टेक्निशियन ग्रेड तीन, दोन, एक, मग सीनियर टेक्निशियन, आणि त्यापुढे परीक्षा किंवा ज्येष्ठतेने ज्युनियर इंजिनिअर. आपल्या एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांतही पदं ठरलेली आहेत, कोण कोणाला जबाबदार हे कागदावर आहे. खासगी गॅरेजात असं काही नसतं. पोऱ्या, हेल्पर, मेकॅनिक, हेड मिस्त्री, एवढीच उतरंड, आणि तीही तोंडी. मालकाने खांद्यावर हात ठेवला की माणूस हेड झाला. त्याला पत्र मिळत नाही, अधिकार कोणते हे सांगितलं जात नाही, पगार थोडा वाढतो आणि शिव्या खूप वाढतात. ग्राहक त्याच्यावर ओरडतो, मालक त्याच्यावर ओरडतो आणि हाताखालची मुलं त्याच्यामागे कुरकुरतात. कालपर्यंत जो सगळ्यात समाधानी कारागीर होता, तो सहा महिन्यांत सगळ्यात त्रासलेला माणूस होतो. त्यातले पुष्कळ जण कंटाळून स्वतःचं छोटं दुकान टाकतात. दुकान टाकणं चांगलंच. पण ते वैतागातून टाकलेलं नसावं.

याचं मूळ कुठे आहे? मला वाटतं, आपण जबाबदारी म्हणजे जास्त काम असं समजतो. जो एका दिवसात तीन गाड्या काढतो, त्याने हेड झाल्यावर पाच काढाव्यात, अशी मालकाची अपेक्षा असते आणि बऱ्याचदा त्या मेकॅनिकचीही. मग होतं असं की गिअरबॉक्स उतरला की हेडच आत शिरतो, टायमिंग बसवायचं असलं की हेडच बसवतो. त्याच्या बोनेटमागे चार गाड्या खोळंबतात आणि चार मुलं पाने पुसत उभी राहतात. हेड मिस्त्रीचं खरं काम वेगळं आहे. दुसऱ्याच्या हातून झालेल्या कामाची हमी तो स्वतःच्या नावावर घेतो. गॅरेजातून कोणती गाडी बाहेर जाईल आणि कोणती जाणार नाही, हे तो ठरवतो. जबाबदारी म्हणतात ती हीच, आणि तिचं वजन पेलायचं तर तीन गोष्टी लागतात: थांबवण्याचा अधिकार, शिकवण्याची तयारी आणि लिहून ठेवण्याची शिस्त.

थांबवण्याचा अधिकार म्हणजे काय, हे ब्रेकच्या कामावरून सांगतो. ब्रेकची हवा काढण्याचं काम रोज होतं. एक मुलगा सीटवर बसून पॅडल मारतो, दुसरा चाकामागे निपलला नळी लावून बसतो. 'दाब... धर... सोड.' बुडबुडे यायचे थांबले की निपल आवळला, चाक चढवलं, गाडी तयार. गर्दीच्या दिवशी इथेच काम संपतं. चांगला हेड मिस्त्री इथून पुढे सुरुवात करतो. तो स्वतः सीटवर बसतो, इंजिन चालू ठेवतो आणि पॅडल एकसारखं दाबून धरतो. पॅडल हळूहळू खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं रबर आतून पास होतंय. मग तो ऑइलचा डबा मागवतो. डबा कधी फोडला? झाकण नीट लागलं होतं का?

हा डबा किरकोळ गोष्ट नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 प्रतीचं ऑइल नवं असताना किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक आहे. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तेच मानक 155 अंशांवर येतं. श्रावणातल्या दमट हवेत अर्धवट उघडा राहिलेला डबा वापरला, तरी इथे हजरतगंजात गाडी व्यवस्थित थांबते. ट्रायलमध्ये काहीच कळत नाही. तीच गाडी सुट्टीत नैनीतालला जाते. उताराला ब्रेक तापतात, ऑइल उकळतं, नळीत वाफ होते आणि वाफ दाबली जाते, चाकापर्यंत दाब पोचतच नाही. पॅडल तळाला टेकतं. ते कुटुंब ज्या वळणावर असतं, तिथे ना मालक असतो, ना मिस्त्री. म्हणून डबा बदलायला लावणं, आणि नवीन डबा येईपर्यंत गाडी थांबवणं, हा हेड मिस्त्रीचा निर्णय असला पाहिजे. ग्राहक संतापला तरी, संध्याकाळची डिलिव्हरी चुकली तरी, मालकाने त्याच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे. गाडी थांबवायचा अधिकार न देता ज्याला हेड केलं, त्याच्यावर फक्त दोष टाकायची सोय करून ठेवली, असं मी स्पष्ट म्हणतो.

दुसरी गोष्ट शिकवण्याची. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस 6 मानक लागू झालं आणि आपलं काम झपाट्याने बदललं. आता गाडी आली की पहिल्यांदा स्कॅनर लागतो. स्कॅनर सांगतो, मिश्रण पातळ आहे. घाईतला मुलगा लगेच ऑक्सिजन सेन्सर मागवतो. सेन्सर महागडा, तो बदलला तरी दिवा पुन्हा पेटतो. खरं तर सेन्सर खरं बोलत असतो. दोष असतो हवेच्या रबरी पाइपात. एअर फ्लो सेन्सरच्या पुढे, घडीच्या आत एक बारीक चीर, जी हाताने पाइप वाकवल्याशिवाय दिसत नाही. तिथून न मोजलेली हवा आत जाते आणि इंधन तेवढ्या हवेला पुरत नाही. स्कॅनर कोणत्या गल्लीत बघायचं ते सांगतो, घर आपण शोधायचं असतं.

अशा वेळी हेड मिस्त्रीला तो पाइप दोन मिनिटांत सापडतो. पण त्याने तो स्वतः शोधून दिला, तर उद्या तोच प्रश्न पुन्हा त्याच्याकडे येणार आहे. त्याने शेजारी उभं राहून विचारावं, 'काय तपासलंस? हे का बदलायचं म्हणतोस? न बदलता खात्री कशी करशील?' मुलाचा हात पाइपावर जाईपर्यंत थांबावं. यात वीस मिनिटं जातात, आणि गर्दीच्या गॅरेजात वीस मिनिटं फार वाटतात, हे मला माहीत आहे. तरीही ती खर्च करावीच लागतात. आपल्या हातातलं काम दुसऱ्याच्या हाती देणं चांगल्या कारागिराला सगळ्यात जड जातं. तो आपल्यापेक्षा हळू करणार, एखादा स्टड तोडणार, हे दिसत असतानाही पाना त्याच्या हातात राहू द्यावा लागतो. हेडला ज्या दिवशी हे जमतं, त्या दिवशी गॅरेजात एकाचे चार मिस्त्री व्हायला सुरुवात होते. आणि हो, मुलांना शिव्या देऊन शिकवायची आपल्या धंद्यातली जुनी रीत आता सोडली पाहिजे. शिव्या खाणारा मुलगा चूक लपवायला शिकतो, आणि लपवलेली चूक रस्त्यावर उघडी पडते.

तिसरी गोष्ट लिहिण्याची. ही गोष्ट लखनौत बोलताना एका मराठी माणसाचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पंडित विष्णू नारायण भातखंडे मुंबईचे, पेशाने वकील. त्यांनी देशभर हिंडून उस्तादांच्या गळ्यात असलेल्या चिजा ऐकल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि छापून सगळ्यांसमोर ठेवल्या. 1926 मध्ये याच लखनौत त्यांच्या पुढाकाराने मॅरिस कॉलेज सुरू झालं, आज ते भातखंडे यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. घराण्याबाहेर न जाणारी विद्या त्यांनी लिहून ठेवली, म्हणून ती कोणत्याही घरातल्या मुलामुलीला शिकता आली. आपल्या धंद्यातही अशीच विद्या उस्तादांच्या हातात आहे. अमुक गाडीत थंडीत सकाळी स्टार्टिंगचा त्रास आला तर पहिली कुठली अर्थ वायर बघायची, अमुक मॉडेलचा कोणता बोल्ट शेवटी आवळायचा, हे त्यांना ठाऊक असतं आणि त्यांच्याबरोबर निघून जातं. प्रत्येक हेड मिस्त्रीने एक वही ठेवावी. तारीख, गाडी, किलोमीटर, तक्रार, तपासणी, सापडलेलं कारण, केलेलं काम, एवढं लिहावं. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, जमेल तसं लिहा. पण कारण नक्की लिहा, फक्त बदललेला पार्ट लिहून थांबू नका.

विजेच्या गाड्यांनी कामातली शिस्त आणखी गरजेची केली आहे. लखनौच्या चौकाचौकात ई-रिक्षा आहेत, इलेक्ट्रिक कारही गॅरेजात येऊ लागल्या आहेत. ई-रिक्षाच्या बॅटरीवर हात सरावला म्हणून कारच्या नारिंगी केबलला हात घालणं जिवावर बेतू शकतं, कारण तिथे शेकडो व्होल्ट असतात. गाडी बंद करणं, रबरी हातमोजे तपासून घालणं, सर्व्हिस प्लग काढणं, कंपनीने सांगितलेला वेळ थांबणं आणि मीटरने वीज नसल्याची खात्री करणं, हा क्रम एकदाही चुकता कामा नये. काढलेला प्लग हेड मिस्त्रीच्या ताब्यात कुलपात असावा, आणि काम करणारा सगळे हात बाहेर आहेत असं सांगेपर्यंत तो परत बसवू नये. इथे 'चालून जाईल' म्हणणाऱ्या माणसाला हेड करू नये, मग त्याचा हात कितीही सफाईचा असो.

ज्या मुलांनी आज आयटीआयचं दोन वर्षांचं मोटर मेकॅनिकचं शिक्षण पुरं केलं आहे, त्यांना एवढंच सांगतो: मोठी जबाबदारी मिळण्याची वाट पाहू नका. आपण आवळलेल्या चाकाचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, आपण उचललेल्या गाडीखाली जॅकवर विसंबून न राहता स्टँड लावा, आणि चूक झाली तर ती गाडी बाहेर जायच्या आधी सांगा. ज्याच्या कामाची पुन्हा तपासणी करावी लागत नाही, त्याच्याकडे मिस्त्री आपोआप जास्त काम देतो.

मालकांनो, तुमच्याकडे माझी मागणी स्पष्ट आहे. ज्याला हेड कराल, त्याला लेखी पत्र द्या, त्याचे अधिकार आणि पगार त्यात लिहा. गाडी थांबवायचा त्याचा शब्द अखेरचा माना. शिकवण्यासाठी त्याला रोज वेळ द्या आणि तो वेळ त्याच्या कामात धरा. मिस्त्रींनो, तुम्ही हे पद घ्याल तेव्हा नाव देऊन घ्या: प्रत्येक जॉब कार्डावर तुमची सही असू द्या, आणि पूर्ण तपासल्याशिवाय ती करू नका.

लेखी पत्र, थांबवण्याचा अधिकार, शिकवण्याचा वेळ आणि सहीचं जॉब कार्ड, ही चार कलमं आजच्या संमेलनाने ठराव म्हणून मंजूर करावीत आणि पुढच्या संमेलनाला येताना प्रत्येकाने आपल्या गॅरेजात त्यांतलं काय अंमलात आलं ते सांगावं, अशी अध्यक्ष या नात्याने मी आपणा सर्वांना विनंती करतो.