चष्मा घालवायला गेले तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागच्या खेपेस मी आपणांपुढे उन्हाळी वाळवणांवर बोलले होते. यंदा चिटणीसबाईंनी ‘डोळे’ हा विषय दिला. तो मी लगेच घेतला, कारण त्यात माझी स्वतःचीच फजिती आहे.

माझ्या धाकटीला उणे पाचाचा चष्मा. त्यावरून दोन स्थळे परत गेली. कोणीसे म्हणाले, लेसरने नंबर जातो, दहा मिनिटांचे काम. झाले! तिला घेऊन मी जळगावची एसटी धरली.

डॉक्टरांनी यंत्रावर तपासले आणि चक्क नकार दिला. डोळ्याच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. लेसर हा पडदाच किंचित कोरून त्याचा बाक बदलतो. धाकटीचा पडदा मुळात पातळ. आणखी कोरला तर पुढे तो फुगून नजर बिघडण्याचा धोका. मला रडू आले. ती मात्र म्हणाली, “माय, आता चष्म्यासकट पसंत करील तोच तुझा जावई.”

घरी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचले. मूळचे मद्रासकडचे रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएम कंपनीत शास्त्रज्ञ होते. १९८१ साली सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर त्यांनी हा किरण सोडून पाहिला. आजूबाजूला न भाजता स्वच्छ काप पडला! (उरलेसुरले टाकू नये म्हणतात ते काही उगाच नव्हे.) त्यातूनच पुढे चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया आली.

तिचे फळ काय, हेही तिकडे तपासले गेले. सुमारे पावणेसहाशे जणांना शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर प्रश्न विचारले. निष्कर्ष २०१७ साली छापून आले. शेकडा ९५ हून अधिक लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. पण ज्यांना आधी तसा काहीच त्रास नव्हता, त्यांच्यापैकी शेकडा ४० हून अधिकांना तीन महिन्यांनी दिव्याभोवती वलये, चकाकी असे काहीतरी नव्याने जाणवत होते. आधी डोळे चांगले ओले असणाऱ्यांतही शेकडा २८ पर्यंत लोकांना कोरडेपणा जाणवू लागला. रोजचे काम अडावे इतका त्रास मात्र शंभरात एकालाही नाही. आणि चाळिशी लागली की वाचायचा चष्मा येतो तो येतोच. तेव्हा मुलीला स्वतःला हवे असेल, वय अठराच्या पुढे असेल, नंबर वर्षभर स्थिर असेल, तर जरूर विचारावे. पाहुणे यायचे आहेत म्हणून नव्हे.

आता खरी फजिती. निघता निघता डॉक्टरांनी मलाच विचारले, “बाई, तुम्हांला शुगर आहे का?” म्हटले, आठ वर्षे झाली. “मागचा पडदा कधी तपासला?” मी म्हणाले, मला सुई ओवता येते, तपासायचे काय? त्यांनी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि आत पाहिले. पडद्यावर रक्ताचे ठिपके, नव्या नाजूक रक्तवाहिन्या. लेसर घेतला तो मीच, तीन खेपांत!

हा लेसर निराळा. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात मधुमेहाच्या सतराशेहून अधिक रुग्णांचा एक डोळा प्रखर किरणाने उपचारिला आणि दुसरा तसाच ठेवला. उपचार केलेल्या डोळ्यांत दृष्टी जवळजवळ जाण्याचे प्रमाण निम्म्याने वा त्याहूनही कमी झाले. इतका स्पष्ट फरक दिसल्यावर १९७६ साली संशोधकांनी नियम बदलला आणि गरज असलेल्यांच्या दुसऱ्या डोळ्यालाही उपचार देऊ केला. गेलेली नजर या लेसरने परत येत नाही. उरलेली राखता येते. हल्ली काहींना डोळ्यात इंजेक्शनही देतात.

मुलीच्या चष्म्यासाठी मी पैसे साठवले होते. माझ्या पडद्याची तपासणी मात्र आठ वर्षांत एकदाही केली नव्हती, आणि दुखत काहीच नव्हते.

चिटणीसबाईंजवळ एक वही ठेवली आहे. ज्यांना शुगर आहे त्यांनी चहापूर्वी तीत नाव लिहावे, म्हणजे एकत्र जाता येईल. थेंब घातल्यावर काही तास अंधूक दिसते, तेव्हा सोबत घरचे कोणी आणावे आणि त्या दिवशी शिवणटिपण काढू नये.