कागद आपला, किल्ली कोणाची?

फिनलंडमधील लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा लिहून तो सर्वांस खुला केला, तोच लिनक्स. जगांतील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालत आले आहेत. असें असूनहि घरच्या मेजावर लिनक्स आलें, कीं पहिल्याच दिवशीं कुरबूर सुरू होते. कचेरींतून आलेलें पत्र उघडावें, तों चार पानांचीं पांच पानें झालेलीं. आणि हिशेबाचा नेहमींचा प्रोग्रॅम तर उघडतच नाहीं.

हा दोष कोणाचा? पडद्यावर खिडकी काढणें, फाईल वाचणें, अशा प्रत्येक कामासाठीं प्रोग्रॅम कार्यप्रणालीस ठराविक शब्दांत हांक मारतो. विंडोजसाठीं लिहिलेल्या प्रोग्रॅमची हांक लिनक्सला कळत नाहीं. १९९३ सालीं सुरू झालेला वाईन हा उपक्रम त्या हांकांचें जणूं भाषांतर करितो; त्याच्या आधारें पुष्कळ प्रोग्रॅम चालतात, कांहीं अडखळतात. पत्राची गोष्ट याहून साधी आहे. वर्डमध्यें २००७ पासून कैक वर्षें आपोआप येणारा कॅलिब्री हा फाँट, म्हणजे अक्षरांचा ठसा, लिनक्ससोबत येत नाहीं. त्याच्या जागीं दुसरा बसला, कीं अक्षराची रुंदी बदलते, ओळ तुटते आणि पान सरकतें. त्याच रुंदीचा कार्लिटो हा मुक्त फाँट बसविल्यास ही तक्रार बरीचशी मिटते.

जर्मनींतील म्युनिक शहरानें २००३ सालीं नगरपालिकेचा कारभार लिनक्सवर नेण्याचें ठरविलें. दहा वर्षांत १४ हजारांहून अधिक संगणक पालटले. तथापि बाहेरच्या कचेऱ्यांशीं कागदपत्रांची देवघेव करतांना अडचणी येत राहिल्या. पुढें इतरहि कारणें मिळून २०१७ सालीं नगरसभेनें विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. नगरपालिकेचीं यंत्रें बदललीं, परंतु तिला पत्रें पाठविणारे बदलले नव्हते.

म्हणून खरा प्रश्न यंत्राचा नसून कागदाचा आहे. महाराष्ट्रांत कित्येक घरांच्या पेट्यांत मोडी दस्तऐवज सुरक्षित आहेत. वाचणारा मात्र घरांत उरलेला नाहीं. एकाच कंपनीच्या प्रोग्रॅमला उमगणाऱ्या फाईलवर तोच प्रसंग येऊं शकतो. ओपन डॉक्युमेंट या लेखनपद्धतीचे नियम उघडपणें छापलेले आहेत आणि २००६ सालीं तिला आंतरराष्ट्रीय प्रमाणाची मान्यता मिळाली. तिचा वाचक कोणासहि घडवितां येतो.

तेव्हां लिनक्स घेऊं पाहणाऱ्या कुटुंबानें प्रथम आपल्या गरजेच्या प्रोग्रॅमांची यादी करावी, आणि ते तेथें चालतात कीं नाहीं हें पाहावें. जपून ठेवावयाचे कागद खुल्या पद्धतींत ठेवावे. केवळ वाचावयास पाठवावयाचें पत्र पीडीएफ करून पाठवावें. ज्यास विंडोज सोडावयाचें नाहीं, त्यानेंहि एवढें करणें हिताचें आहे.